रॉन पॉल वेडा होता की खरा? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 'सरकार किती मोठं असावं' या लेखात मी अमेरिकेचा माजी खासदार रॉन पॉल याचं नाव फक्त एका ओळीत घेतलं होतं आणि पत्रं आली ती बहुतेक त्या एकाच ओळीवर, म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच्यावरच.

प्रश्न : नमस्कार ताई. माझा भाचा 2008 ला टेक्सासला शिकायला होता, फोन केला की याच माणसाचं बोलायचा, एवढा खरा नेता बघितला नाही म्हणायचा. आणि त्याचा घरमालक म्हणे, हा म्हातारा वेडा आहे. एकाच माणसाबद्दल अशी दोन टोकं कशी? नक्की कोण हा? (एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

काका, तुमच्या भाच्याचंही बरोबर होतं आणि घरमालकाला तसं का वाटत होतं तेही मला कळतं. रॉन पॉल मुळात बाळंतपणं करणारा डॉक्टर, टेक्सासमधल्या लेक जॅक्सन नावाच्या छोट्या गावात प्रॅक्टिस, चार हजारांवर बाळंतपणं केलेला माणूस. राजकारणात कसा आला तर 15 ऑगस्ट 1971 ला राष्ट्राध्यक्ष निक्सनने डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, आणि याचं म्हणणं असं पडलं की आता सरकार वाट्टेल तेवढ्या नोटा छापणार आणि सामान्य माणसाची बचत हळूहळू वितळणार. तेव्हापासून जे धरून बसला ते शेवटपर्यंत. 1976 ला पहिल्यांदा काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत गेला, मधे सुटलं, परत 1997 पासून 2013 पर्यंत होता, आणि राज्यघटनेत जे काम सरकारला सांगितलेलं नाही त्याच्या विरोधात मत द्यायचं हा नियम. म्हणून नाव पडलं 'डॉक्टर नो'.

आणि नियम म्हणजे नियम, अगदी अवघड जागीसुद्धा. 1999 ला रोझा पार्क्सना, बसमध्ये गोऱ्या माणसाला जागा द्यायला नकार देणाऱ्या त्या काळ्या बाईंना, काँग्रेसचं सुवर्णपदक द्यायचं ठरलं, आता याला विरोध कोण करेल सांगा, पण याने केला, का तर पदकाचा खर्च लोकांच्या करातून का, आपण खासदारांनीच खिशातून शंभर शंभर डॉलर काढू या, माझे घ्या. एकाच्या नजरेत हे तत्त्व, दुसऱ्याच्या नजरेत माणुसकी नसणं. 2002 ला इराक युद्धाच्या ठरावावर विरोधात मत देणारे रिपब्लिकन फक्त सहा होते कनिष्ठ सभागृहात, त्यातला हा एक. म्हणजे पक्षवाल्यांना तो आपला वाटेना आणि युद्धाला विरोध करणाऱ्या डाव्यांना त्याचं बाकीचं सगळं भयंकर वाटायचं.

2008 च्या निवडणुकीसाठी तो रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होता, आणि मे 2007 च्या साउथ कॅरोलिनातल्या डिबेटमध्ये त्याने सांगितलं की आपण तिकडे मध्यपूर्वेत जाऊन वर्षानुवर्षं बाँब टाकतोय, त्याचा राग म्हणून ते आपल्यावर हल्ले करतात. त्याच मंचावर न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी, ते चिडले, शब्द मागे घ्या म्हणाले, हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. टीव्हीवाल्यांना वाटलं संपला हा. पण तुमच्या भाच्यासारखी पोरं घरी ती क्लिप परत परत बघत होती, आणि त्यांना दिसलं काय तर सगळा हॉल विरोधात असताना एक सत्तरी पार केलेला माणूस तसूभर हलत नाही. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला समर्थकांनी आपणहून ठरवून एका दिवसात चाळीस लाखांवर डॉलर जमा केले आणि 16 डिसेंबरला, बोस्टन टी पार्टीच्या (ब्रिटिशांच्या कराविरुद्ध चहा समुद्रात फेकला, त्या बंडाच्या) वर्षदिनी, साठ लाखांच्या आसपास. भाच्याच्या जुन्या फोटोत 'रेव्होल्यूशन' लिहिलेला बोर्ड असेल तर नीट बघा, त्या इंग्रजी शब्दातली चार अक्षरं लाल आणि उलटी असतात, उलटी वाचली की 'लव्ह' होतं. ते बोर्ड पोरं स्वतः रंगवायची, हायवेच्या पुलांवर लटकवायची.

प्रश्न : मीडियाने त्याला मुद्दाम दाबलं असं त्याचे फॅन म्हणतात. हारणारे सगळेच असं म्हणतात, नाही का? (आयटी इंजिनिअर, ठाणे)

सगळेच म्हणतात हे खरं, पण इथे थोडा दम आहे. ऑगस्ट 2011 ला आयोवातल्या एम्सला, पुढच्या वर्षीच्या उमेदवारीसाठी, रिपब्लिकन पक्षाची नमुना मतदान चाचणी झाली, मिशेल बाकमन 4823, रॉन पॉल 4671. फरक 152 मतांचा. त्यानंतरचे दोन-तीन दिवस बातम्या काय, तर आता सामना बाकमन, रॉम्नी आणि पेरी यांच्यात, आणि पेरी तर त्या मतपत्रिकेवरही नव्हता. दुसऱ्या नंबरच्या माणसाचं नावच नाही. हे इतकं उघड होतं की विनोदी बातम्या देणाऱ्या जॉन स्ट्युअर्टने टीव्हीवर त्याची खिल्ली उडवली.

पण सगळं खापर मीडियावर फोडणं मला पटत नाही, कारण मी स्वतः एक संध्याकाळ बघितलीये. 3 जानेवारी 2012, आयोवाचा कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची गावोगावची सभा, माझी नणंद तिथे राहते आणि तिच्याबरोबर मी नुसती बघायला गेले होते. शाळेचा जिम, घडीच्या लोखंडी खुर्च्या, एकेका उमेदवाराच्या वतीने कुणीतरी उठून दोन मिनिटं बोलणार आणि मग हातात कोरी चिठ्ठी, त्यावर नाव लिहायचं आणि डब्यात टाकायचं. रॉन पॉलच्या वतीने एक विशीतली मुलगी बोलली, कागद थरथरत होता तिचा. आमच्या शेजारी एक वयस्कर मक्याचे शेतकरी बसले होते, टोपी गुडघ्यावर. नणंदेने विचारलं तर म्हणाले, या सगळ्यांत माझं चेकबुक कुणाच्या हातात देईन तर याच डॉक्टरच्या, पण माझं इन्शुलिन मेडिकेअरवर (म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यावर) चालतं. आणि चिठ्ठीवर दुसरंच नाव लिहिलं. लपवलं नाही त्यांनी, पेन अगदी सावकाश चालवत लिहिलं.

मला वाटतं सगळा रॉन पॉल त्या चिठ्ठीत आहे. लोकांना माणूस पटला होता, औषध झेपत नव्हतं. त्याचं वचन काय, तर निवडून आलो की पहिल्याच वर्षी सरकारी खर्चात एक लाख कोटी डॉलरची कपात, शिक्षणासकट पाच खाती बंद, आणि राष्ट्राध्यक्षाचा स्वतःचा पगार 39,336 डॉलर, म्हणजे साध्या अमेरिकन कामगाराएवढा. पगाराचं ऐकून माणसं माना डोलवायची आणि खात्यांची यादी आली की गप्प व्हायची. त्या रात्री आयोवात तो तिसरा आला, 21 टक्क्यांच्या वर मतं, तिशीच्या आतल्यांची जवळजवळ निम्मी त्यालाच, आठवड्याने न्यू हॅम्पशायरला दुसरा. पण म्हाताऱ्या लोकांत तो कधी चालला नाही आणि प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाला, येणारे म्हातारेच जास्त असतात.

प्रश्न : मी स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सरकारी योजनेचे पैसे न घेणारा डॉक्टर म्हणजे गरिबाला दार बंद, असंच ना? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही डॉक्टर, तसं नव्हतं. मेडिकेअर आणि गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचे पैसे घ्यायचा नाही हे खरं, पण अशा पेशंटला तो फी कमी करायचा किंवा फुकट बघायचा. त्याचं म्हणणं, पूर्वी डॉक्टर आणि चर्चची हॉस्पिटलं हे करतच होती, सरकार मधे आलं आणि खर्च वाढले.

पण सप्टेंबर 2011 चा टँपाचा डिबेट बघा जमलं तर. डिबेट चालवणाऱ्या वुल्फ ब्लिट्झरने विचारलं, तिशीतला धडधाकट तरुण, विमा काढला नाही, अचानक कोमात गेला, पैसे कोण भरणार, का समाजाने त्याला मरू द्यायचं? आणि प्रेक्षकांतून दोन-चार आवाज आले, हो म्हणून. रॉन पॉल लगेच नाही म्हणाला, आपण हॉस्पिटलातून कधी कुणाला परत पाठवलं नाही हे सांगितलं, शेजारीपाजारी, मित्र, चर्च हे करतील म्हणाला. मनापासून म्हणाला, त्याने आयुष्यभर केलंही तसं. पण एक चांगला डॉक्टर म्हणजे व्यवस्था नव्हे. लेक जॅक्सनमध्ये तो होता, शेजारच्या गावात कोण होतं? या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्याकडून कधी मिळालं नाही, आणि ते दोन-चार आवाज माझ्या कानातून अजून गेलेले नाहीत.

प्रश्न : मॅडम, तुम्ही त्याच्यावर फारच माया दाखवताय. त्याच्या वृत्तपत्रिकांमधला वर्णद्वेष विसरलात का? (विद्यार्थी, नागपूर)

विसरले नाही, बरं झालं विचारलंस. 1980 आणि 90 च्या दशकात त्याच्या नावाने वृत्तपत्रिका निघायच्या, वर्गणी घेऊन, आणि त्यात काळ्या लोकांबद्दल, समलिंगी लोकांबद्दल जे छापलंय ते घाणेरडं आहे, दुसरा शब्द नाही. जानेवारी 2008 मध्ये ते परत उजेडात आलं. तो म्हणाला मी लिहिलं नाही, तेव्हा वाचलंही नाही, नाव माझं होतं म्हणून नैतिक जबाबदारी माझी. पण 1996 च्या निवडणुकीत हेच निघालं होतं तेव्हा त्याने 'मी लिहिलं नाही' असं म्हटलं नव्हतं. त्यामुळे मला ते स्पष्टीकरण पुरत नाही. ज्याची सगळी पुंजीच 'मी बोलतो तेच करतो' ही, त्याने स्वतःच्या नावाने काय छापलं जातंय हे वर्षानुवर्षं बघू नये? लोकांनी हा डाग धरला तर त्यांची चूक नाही. आणि आपल्या मतदारसंघासाठी निधीच्या तरतुदी बिलात घालायच्या आणि मग बिलाविरुद्ध मत द्यायचं, हेही तो करायचा. म्हणायचा, पैसा खर्च होणारच आहे तर माझ्या लोकांचा त्यांना परत मिळू दे. हे मला निदान समजतं तरी, ते पहिलं समजत नाही.

प्रश्न : आता आहे कुठे तो? (एक वाचक, मडगाव)

जानेवारी 2013 ला काँग्रेस सोडली. मुलगा रँड केंटकीतून सिनेटर आहे. गंमत बघा, दोनदा प्रायमरी लढवून आणि 1988 ला लिबर्टेरियन (सरकार कमीत कमी हवं म्हणणाऱ्या) पक्षाकडून उभं राहून इलेक्टोरल मत, म्हणजे राज्यांचे प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष निवडायला देतात ते मत, एकही मिळालं नव्हतं, आणि 2016 ला उभाच नसताना टेक्सासच्या अशा एका प्रतिनिधीने (इलेक्टरने) पक्षाचा आदेश मोडून त्याला मत दिलं. तेव्हा तो 81 वर्षांचा होता.

प्रश्न : ताई, तुमची ती ओळ वाचून मला आमच्या शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची आठवण आली. तुलना बरोबर आहे का? (कांदा उत्पादक, निफाड)

दादा, माझ्याही मनात तेच होतं, जागा नव्हती म्हणून लिहिलं नाही. सगळं जुळत नाही, जोशी साहेब रस्त्यावरच्या आंदोलनातून आले, रॉन पॉल दवाखान्यातून. पण 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणजे दुसरं काय, सरकारने मधून बाजूला व्हावं, निर्यातबंदी उठवावी, आमचं आम्ही बघतो. सगळे डंकेल प्रस्तावाला (जागतिक व्यापार खुला करायच्या कराराच्या मसुद्याला) शिव्या देत होते तेव्हा ते बाजूने उभे होते. आणि 9 मार्च 2010 आठवा, राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक, बाजूने 186 मतं आणि विरोधात एक. ते एक मत जोशी साहेबांचं. मी बाई आहे, मला ते मत पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, पण त्या दिवशी तिथे 'नाही' म्हणायला काय लागतं हे मला कळलं होतं.

आमचे बाबा 1980 ला चाकणच्या रास्ता रोकोत होते. पुणे-नाशिक रोडवर कांद्याच्या गोणीवर बसून रात्र काढलेली, आई सांगायची, घरी आले तेव्हा सदऱ्याला वास तसाच. शेवटपर्यंत घरात साहेबांचा फोटो होता. आणि मतदानाच्या दिवशी, कर्जमाफीचं कोण बोलतंय ते बघून बाबा शिक्का मारून यायचे. मी एकदा विचारलं, फोटो याचा आणि मत त्याला, असं का हो? तर टोपी काढून खुंटीला लावली, पाय धुतले, आणि म्हणाले, साहेबांचं खरं आहे गं, पण सोसायटीची नोटीस माझ्या नावाने येते.