ऑफर बघून घेतो तरी तिघांच्या घराचा किराणा बारा हजारांच्या खाली येत नाही, काय करावं?

ऑफर बघून घेता म्हणूनच येत नसेल, खरं सांगू का. तुम्ही लिहिलंय की पुण्यात भाड्याचा फ्लॅट, दोघांची नोकरी, एक मूल, आणि हे बारा हजार दूध-भाजी सोडून. आमचंही घर साधारण असंच, फक्त सासूबाई जास्तीच्या, आणि किराणा माझ्याकडे असतो म्हणून लिहिते.

आधी मागच्या महिन्याची सगळी बिलं काढून बघा, ब्लिंकिट-झेप्टोची पण. महिन्याच्या यादीचं मोठं बिल असतं त्यात फार कापण्यासारखं नसतंच, पैसे जातात ते मधल्या फेऱ्यांत. कोथिंबीर आणि दही पाहिजे म्हणून ॲप उघडलं, ऑर्डर लहान म्हणून चार्ज लागला, तो वाचवायला वेफर्स आणि आइस्क्रीम टाकलं आणि डिलिव्हरी फुकट मिळाली म्हणून आपणच खूश. एवढं एक बंद केलं तरी फरक दिसेल.

आता धान्य. वर्षाचं भरून ठेवा असं सगळे सांगतील, पण भाड्याच्या जागेत कोठ्या ठेवणार कुठे, तीन-चार महिन्यांचं भरलं तरी चालतं, फक्त वेळ साधायची. गहू मार्च अखेरपासून मे पर्यंत, तूरडाळ फेब्रुवारी-मार्चला नवीन येते तेव्हा, मिरची आणि चिंच उन्हाळ्याच्या तोंडाला. इंद्रायणी दिवाळीनंतर यायला लागतो पण नवा तांदूळ फार चिकट होतो म्हणून सासूबाई जानेवारीच्या आधी घेऊच देत नाहीत. कांदा साठवायचा तर एप्रिल-मे चा उन्हाळीच घ्या, हवेशीर जागी पसरून ठेवला की चार-पाच महिने सहज जातात, आणि भाव बऱ्याच वर्षी नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरातच चढतो. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा कितीही स्वस्त मिळू दे, तो टिकत नाही, लागेल तसा आणायचा.

दोन-तीन घरं मिळून मार्केट यार्डातून पोतं आणलंत तर अजून चांगलं. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या धान्य-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे (जुलै २०२२ पासून), सुट्यावर नाही आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यावर पण नाही, दुकानात मधेच २६ किलोचं पोतं दिसतं ना, ते त्याचमुळे. आणि ब्रँडेड आटा सोडून लोकवन गहू घेऊन गिरणीतून दळून आणा, ज्वारी-नाचणी त्याच फेरीत होते. फक्त महिनाभराचं दळण एकदम नको, पावसाळ्यात पिठाला जाळी धरते.

किड्यांची भीती असते सगळ्यांना. गव्हाला चांगलं कडक ऊन द्यायचं, गार झाल्यावर हाताला एरंडेल तेल लावून चोळायचं, तूरडाळीला पण तेच. तांदूळ मात्र उन्हात घालू नका, त्याचे तुकडे पडतात, त्याच्यात कडुनिंबाचा सुकलेला पाला बास. पाऱ्याच्या गोळ्या टाकतात लोक, पण लहान मूल असलेल्या घरात मी तरी नाही टाकणार. आणि शेंगदाणे, रवा, पोहे, सुकं खोबरं ह्यांचा साठा कधीच करू नका, अर्धं खवट होऊन कचऱ्यात जातं म्हणजे बचत कसली.

दुकानात गेल्यावर एमआरपी आणि "इतके टक्के सूट" बघायचं सोडा. एमआरपीजवळच बारीक अक्षरात ग्रॅममागे किंवा मिलीमागे किंमत छापलेली असते, कायद्यानेच छापावी लागते, किलोच्या वरचं पाकीट असेल तर किलोमागे. तेवढीच बघायची. तेलाची लिटरची पिशवी म्हणजे ९१० ग्रॅम, पण आता ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्या पण येतात, दिसायला अगदी तशाच, आणि आपण म्हणतो हे तेल स्वस्त आहे! मोठं पाकीट स्वस्तच पडतं हे पण खरं नाही, शॅम्पूच्या पुड्या कितीतरी वेळा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, करून बघा हिशोब.

डी-मार्टला जायचं तर यादी करून आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून, पोरांना घरी ठेवून. दिवाळीची चणाडाळ, साखर गणपतीच्या आसपासच थोडं थोडं घ्यायला लागा, ऐन दिवाळीत भाव आणि गर्दी दोन्ही नको होतं. भाजीला शेतकरी आठवडे बाजार तुमच्या भागात भरत असेल तर संध्याकाळी उशिरा जा, पालेभाज्या शेवटी शेवटी बऱ्याच स्वस्त देऊन टाकतात, फक्त निवडायचं काम त्याच रात्री करावं लागतं आणि ते कोण करणार हे घरी आधीच ठरवून घ्या.