लाटण्याला लाटण्यानेच उत्तर

ताई, ऐरोलीचं घर आवरताना सासूबाईंच्या ट्रंकेच्या तळाला घातलेला जुना पेपर निघाला आणि त्यातल्या व्यंगचित्राचा फोटो तुम्ही पाठवलात, तो मी दोन दिवस झूम करून करून बघतोय. तुम्ही विचारलंय की खाली "लाटण्याला लाटण्यानेच उत्तर!" असं छापलंय तर एकच शब्द दोनदा पडलाय का, की नवऱ्यावर लाटणं उगारणाऱ्या बायकोचा तो नेहमीचा जोक आहे, आणि बाईच्या पिशवीवर "मिलो" का लिहिलंय.

छपाईची चूक अजिबात नाही. उलट सगळी गंमत त्या दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांतच आहे.

लाटणे या क्रियापदाचे आपल्याकडे दोन अर्थ चालतात. एक पोळी लाटणे, आणि दुसरा दुसऱ्याचं गुपचूप स्वतःच्या घशात घालणे, म्हणजे जमीन लाटली, अनुदान लाटलं, श्रेय लाटलं, हे तर आजच्या पेपरातही रोज दिसतं. त्यात मराठीची सवय अशी की क्रियापदावरूनच वस्तूचं नाव पाडायचं, लाटायचं ते लाटणं, उलथायचं ते उलथणं, दात कोरायचं ते दातकोरणं. आता या शब्दांना प्रत्यय लावून बघा. "लाटणं" ही क्रिया असली तरी लाटण्याला, आणि "लाटणं" ही वस्तू असली तरी लाटण्याला, सामान्यरूप एकच! त्यामुळे पहिलं "लाटण्याला" म्हणजे चित्रात धान्याच्या पोत्यांवर बसलेल्या त्या शेटजीने जो माल लाटलाय त्याला, आणि दुसरं "लाटण्यानेच" म्हणजे बाईच्या हातातल्या लाकडी लाटण्याने. व्यंगचित्रकाराने व्याकरणातली एवढीशी फट हेरून त्यात अख्खा विनोद बसवलाय, मला तर हे फार म्हणजे फारच आवडलं. हिंदीत करायला जा, बेलन आणि हड़पना, संपला विषय, श्लेष उरतच नाही.

आता बायकोच्या जोकबद्दल. नवरा उशिरा आला की दारात लाटणं घेऊन उभी असलेली बायको हे चित्र आपण इतकं बघितलंय की लाटणं दिसलं की डोकं तिकडेच जातं, तुमचंही गेलं त्यात नवल नाही. पण इथे समोर नवरा नाहीये, काळी टोपी आणि सुटलेलं पोट असलेला माणूस पोत्यांवर बसलाय आणि पोत्यांवर साखर, गहू लिहिलंय. म्हणजे साठेबाज. आणि बाई एकटी नाही, मागे रेघारेघांनी गर्दी काढलीय आणि त्यातल्या दोघीतिघींच्या हातात थाळ्या आहेत, त्या थाळ्यांवरूनच मला खात्री वाटते की हा १९७२ नंतरचा लाटणे मोर्चा आहे. दुष्काळ पडलेला, महागाई भडकलेली, रेशनवर रांगा, साखर तेल रॉकेल मिळेना, तेव्हा मुंबईत वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, आणि घराघरातल्या गृहिणींना त्यांनी लाटणी थाळ्या घेऊन रस्त्यावर आणलं. पुढे १९७७ ला मृणालताई आणि अहिल्याताई दोघी लोकसभेत गेल्या. माझी आई तेव्हा ठाण्याच्या नौपाड्यात नवीन लग्न होऊन आलेली, ती शेजारणींबरोबर लोकलने मुंबईला एका मोर्चाला गेली होती, कापडी पिशवीतून लाटण्याचं टोक बाहेर आलेलं आणि डब्यातल्या सगळ्या बायकांच्या पिशव्या तशाच, हे ती अजून सांगते. म्हणजे तोपर्यंत ज्या लाटण्यावर घरातल्या भांडणाचे विनोद व्हायचे तेच लाटणं या बायकांनी निशाणासारखं उचललं, आणि बायकांना हसणारी व्यंगचित्रं साठेबाजाला हसायला लागली.

मिलो म्हणजे दुधात घालायची पावडर नव्हे हो! मिलो ही अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, टंचाईत रेशनवर मिळायची. त्या काळच्या कुणालाही विचारा, नाव काढलं की तोंड वाकडं करतील.

आणि इथे मला अजून एक पदर दिसतो, तो माझा अंदाज समजा. ज्वारीची भाकरी आपण थापतो, लाटतो ती गव्हाची पोळी. गहू शेटजीच्या बुडाखाली आणि बाईच्या पिशवीत मिलो, म्हणजे घरी लाटायला काही उरलेलंच नाही, लाटणं रिकामं पडलंय, म्हणून ते हातात घेऊन ती बाहेर पडलीय! व्यंगचित्रकाराच्या मनात हे होतं की नाही कोण जाणे, पण गव्हाच्या पोत्यावरची अक्षरं बाकीच्यांपेक्षा ठळक काढलीत, म्हणून मला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

फोटोत वरचा भाग दुमडलाय त्यामुळे तारीख दिसत नाही आणि खालच्या कोपऱ्यातली सही घडीत गेलीय. कागद ठिसूळ झाला असेल तर ओढून उलगडू नका, तुकडा पडेल, आहे तसाच पालथा करून मागच्या बाजूचा एक फोटो काढा, सिनेमाची जाहिरात नाहीतर रेशनची बातमी असेल तर वर्ष बरंचसं नक्की होईल. आणि सासूबाईंना जमलं तर एवढं विचारा, त्या स्वतः गेल्या होत्या का मोर्चाला, कारण ट्रंकेत घालायला बाकी एवढे पेपर असताना नेमकं हेच पान राहिलं.