भाऊ अमेरिकेत तुरुंगात आहे. वकिलाशिवाय फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पस करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : धाकटा भाऊ अमेरिकेत एका राज्याच्या तुरुंगात शिक्षा भोगतोय, अपील फेटाळलं गेलंय, वकिलाला द्यायला पैसे उरलेले नाहीत. आता त्याने स्वतः फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात हेबियस कॉर्पससाठी (कैद बेकायदा आहे म्हणून करायचा अर्ज, आपलं बंदी प्रत्यक्षीकरण) जावं का, की तुम्ही नाशिकहून त्याच्या वतीने अर्ज करावा?

त्याला जाता येतं. तुम्हाला जवळजवळ नाहीच. कैदी स्वतः सही करायच्या अवस्थेत नसेल, तरच जवळच्या माणसाचा अर्ज कोर्ट विचारात घेतं, आणि तेव्हाही वकील नसलेल्या नातेवाइकाला पुढे बाजू मांडू देत नाहीत.

मी वकील नाही. न्यू जर्सीत एका फौजदारी वकिलाच्या ऑफिसात बरीच वर्षं कागद सांभाळले. तुरुंगातून आलेलं पत्र उघडलं की मी मजकूर नंतर वाचायचे, आधी तारखा शोधायचे. आठ-आठ पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, कसा अन्याय झाला ते सगळं तपशीलवार. आणि शेवटी कुठेतरी एका ओळीत अपिलाच्या निकालाची तारीख. त्या ओळीवरून कळायचं की बाकीची आठ पानं उपयोगाची आहेत की नाहीत.

आपल्याकडे बंदी प्रत्यक्षीकरण म्हटलं की मुदतीचा विचार कुणाच्या मनातही येत नाही. सुनील बत्राने तिहारमधून न्यायमूर्तींना लिहिलेलं साधं पत्रही सुप्रीम कोर्टाने याचिका म्हणून घेतलं होतं. तो हिशेब इथे विसरा. राज्याच्या कोर्टाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध फेडरल कोर्टात जायचं ते फेडरल कायद्याच्या कलम 2254 खाली, आणि 1996च्या एड्पा (दहशतवाद आणि फाशीच्या शिक्षेसंबंधीच्या) कायद्याने त्याला एका वर्षाची मुदत घातली आहे.

हे वर्ष मोजण्यातच माणसं फसतात. समजा, राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने अपील 10 जानेवारी 2024 ला फेटाळलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाकडे जायला मिळणारे 90 दिवस धरले की 9 एप्रिल 2024 येते. भाऊ तिकडे गेला नसेल, तर वर्ष तिथून सुरू. (राज्याच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेलाच नसेल तर हे 90 दिवसही मिळत नाहीत.) मग त्याने 9 डिसेंबरला राज्याच्या कोर्टात शिक्षेविरुद्ध, अपिलाहून वेगळा असा, दुसरा अर्ज टाकला. तो अर्ज चालू असेतो घड्याळ थांबतं, मग त्याला दोन वर्षं लागोत की चार. पण थांबतं म्हणजे मागे जात नाही. आधीचे आठ महिने गेले ते गेलेच. निकाल लागल्यावर हातात राहतात चारच महिने. ‘राज्याचं सगळं आटोपलं की वर्षभर आहेच’ असं म्हणणारे तुरुंगात पुष्कळ भेटतात. आणि राज्यातला तो अर्ज राज्याच्या मुदतीबाहेर टाकलेला असेल, तर घड्याळ थांबलेलंच नसतं.

फ्लोरिडाच्या अल्बर्ट हॉलंडची गोष्ट भावाला जरूर कळवा. राज्याचा अर्ज टाकला तेव्हा त्याच्या वर्षातले 12 दिवस उरले होते. फेडरल अर्ज वेळेत करा म्हणून तो वकिलाला पत्रांवर पत्रं लिहीत होता आणि त्याने सांगितलेला कायदा बरोबर होता. वकिलाने निकाल लागल्याचंही कळवलं नाही. जानेवारी 2006 मध्ये हॉलंडला ते तुरुंगाच्या लायब्ररीत काम करताना समजलं. त्याने लगेच स्वतः अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकला. मुदत पाच आठवड्यांपूर्वीच संपली होती. 2010 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, की अशा असाधारण परिस्थितीत, कैद्याने चिकाटीने पाठपुरावा केलेला असेल तर, मुदत शिथिल होऊ शकते. त्याला वाचवलं ते त्या जपलेल्या पत्रांनी. तेव्हा भावाने प्रत्येक पत्राची नक्कल ठेवावी.

अर्जाचा छापील नमुना, एओ 241, कोर्टाच्या क्लार्ककडून मिळतो. फी फक्त 5 डॉलर, तीही नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. प्रतिवादी म्हणून सरकार नाही, तुरुंगाच्या वॉर्डनचं नाव लिहायचं. वकील नसलेल्याचा अर्ज कोर्ट सढळपणे वाचतं, भाषेत अडकत नाही. मुदतीच्या आत तुरुंगाच्या टपालात दिला की तो वेळेत धरला जातो, कोर्टात नंतर पोचला तरी. म्हणून कधी दिला ते तारखेसह शपथेवर लिहून जोडावं.

मुद्दे कोणते घालायचे? जे राज्याच्या कोर्टांत वरपर्यंत मांडले तेच, आणि तेही अमेरिकेच्या राज्यघटनेचा भंग म्हणून. ‘साक्षीदार खोटं बोलला’ एवढ्यावर हे कोर्ट हलत नाही. ‘माझ्या वकिलाने अमुक साक्षीदार तपासलाच नाही आणि तपासला असता तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती’, हा 1984च्या स्ट्रिकलंड खटल्यापासून मान्य झालेला मुद्दा. तरीही खरं सांगते, राज्याच्या कोर्टाचं नुसतं चुकलं असून भागत नाही. सुप्रीम कोर्टाच्या निवाड्यांशी ते अवाजवीपणे विसंगत ठरावं लागतं. बहुतेक अर्ज फेटाळले जातात. आणि दुसऱ्यांदा यायचं तर आधी वरच्या कोर्टाची परवानगी, म्हणजे जवळपास दार बंदच. त्यामुळे घाईने अर्धवट अर्ज टाकू नये.

वकील नेमून मागण्याची विनंती सोबत करावी. हक्क नाही, पण न्यायाधीशांना वाटलं तर देतात. आणि पुराव्यासाठी सुनावणी ठेवली, तर गरीब कैद्याला द्यावाच लागतो.

तुमच्या हातात आहे ते कागद गोळा करणं : खटल्याची नोंद, अपिलातली निवेदनं, प्रत्येक निकालाची प्रत. पाठवण्याआधी तुरुंगाचे टपालाचे नियम विचारून घ्या, नाहीतर गठ्ठा परत येतो. आणि मला तीन तारखा कळवा : अपील शेवटचं कधी फेटाळलं, राज्यात दुसरा अर्ज कधी टाकला, त्याचा निकाल कधी लागला. मोजून सांगते.