रंगाच्या भाकितावर पोट भरतं का?

'मुलगा अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. गुण चांगले आहेत. पण वर्ष संपत आलं की त्याला "कलर ऑफ द इयर"चे वेध लागतात. कपाटाच्या दाराला आतून शेडकार्डाचे तुकडे चिकटवलेत. कलर फोरकास्टर, म्हणजे पुढे कुठले रंग चालतील ते आधी सांगणारा, व्हायचंय म्हणतो. त्याचे बाबा विचारतात, दरवर्षी बदलणाऱ्या गोष्टीवर आयुष्य कसं काढणार? त्यात त्याची चित्रकला बेताचीच. काय करावं?'

ताई, नमस्कार. पत्रातला मुख्य मजकूर वर दिलाच आहे. बाबांचा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते. वर्षाचा रंग ठरवणं आणि जाहीर करणं, एवढंच काम धरलं तर त्यावर पोट भरणारी माणसं जगात फार थोडी आहेत. रंगावर पोट भरणारी मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना विज्ञान लागतं. तुमच्या मुलाला यातलं पहिलं टोक दिसलंय, कारण गाजावाजा त्याचाच होतो.

हा गाजावाजा नेमका काय असतो ते बघू. पॅन्टोन या कंपनीने १९६३ मध्ये छपाईच्या शाईसाठी क्रमांकांची पद्धत आणली. एका देशात ठरलेली छटा दुसऱ्या देशातल्या छापखान्यात तशीच उतरावी, हा तिचा हेतू. वर्षाचा रंग पुष्कळ नंतर आला. पहिला मान सन २००० साठी 'सेरुलियन' या आकाशी निळ्याला मिळाला. २०२४ ला 'पीच फझ', २०२५ ला 'मोका मूस' हा तपकिरी आणि २०२६ ला 'क्लाउड डान्सर', म्हणजे चक्क पांढरा. भिंतीच्या रंगांच्या कंपन्याही मागे नाहीत. त्याच २०२६ साठी ड्युलक्सने निळ्याच्या तीन छटा निवडल्या, बेंजामिन मूरने 'सिल्हूएट' हा कोळशाकडे झुकणारा गडद तपकिरी आणि शेर्विन-विल्यम्सने खाकी. एकाच वर्षाला पांढरा, निळा, जवळजवळ काळा आणि खाकी! हवामान खात्याने एकाच दिवशी ऊन, पाऊस, धुकं आणि गारपीट असे चारही अंदाज दिले तर आपण त्याला अंदाज म्हणणार नाही. हे भाकीत कमी आणि प्रस्ताव जास्त आहे, शिवाय जाहिरात तर आहेच. हे चुकीचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. कंपनीला लोकांचं लक्ष रंगाकडे वळवायचं असतं आणि ते वळतं. फक्त ज्याला या क्षेत्रात जायचंय त्याने घोषणेलाच व्यवसाय समजू नये.

खरं फोरकास्टिंग या घोषणांच्या बरंच आधी आणि बरंच गुपचूप चालतं. १९६२ मध्ये सुरू झालेला कलर मार्केटिंग ग्रुप आणि १९६३ मधला इंटरकलर हे रंगतज्ज्ञांचे दोन जुने गट. साधारण दोन वर्षं पुढचा विचार अशा ठिकाणी होतो. एवढ्या आधी का? कारण पडद्याचं कापड, सोफ्याचं कापड, लॅमिनेट, टाइल यांचा रंग ठरवायचा, नमुने रंगवून बघायचे, ते उन्हात फिके पडतात का हे तपासायचं, कारखान्यात माल काढायचा आणि मग दुकानात मांडायचा, यात महिनेच्या महिने जातात. गिऱ्हाईक ज्या रंगाला 'यंदाचा' म्हणतं, तो बनवणाऱ्याच्या लेखी शिळा झालेला असतो.

इथेच सगळ्यात अवघड निर्णय येतो, आणि माझ्या मते या व्यवसायाची खरी परीक्षाही इथेच असते. घरातली प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या वेगाने म्हातारी होते. उशीचा अभ्रा कधीही बदलता येतो. भिंत काही वर्षांनी पुन्हा रंगते. सोफा जास्त टिकतो, आणि न्हाणीघरातली टाइल तर एकदा बसली की बसली. अमेरिकेत सत्तरच्या दशकात फ्रिज आणि शेगड्या अव्होकाडो हिरव्या आणि हार्वेस्ट गोल्ड या मोहरीपिवळ्या रंगांत निघत. फॅशन ओसरली, पण फ्रिज काही बिघडेनात! पुढे कितीतरी वर्षं त्या स्वयंपाकघरांकडे बघून लोक नाकं मुरडत राहिले. तेव्हा 'पुढे कुठला रंग चालेल' हा अर्धाच प्रश्न झाला. तो कुठल्या वस्तूवर, किती जागेत आणि किती काळ चालवून घेता येईल, हे ज्याला सांगता येतं त्याला कंपन्या कामावर ठेवतात. या कामाला उद्योगात सीएमएफ म्हणतात, म्हणजे कलर, मटेरियल आणि फिनिश. फर्निचर, घरगुती उपकरणं, फरशा, कापड, गाड्यांचे अंतर्भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत ही माणसं असतात. तोच तपकिरी चकचकीत लॅमिनेटवर स्वस्त दिसतो आणि खरखरीत कापडावर उबदार. हे का होतं आणि पुढच्या मालात ते कसं टाळायचं, हा त्यांचा रोजचा विषय.

आता विज्ञान शाखेबद्दल. मुलगा चुकीच्या शाखेत अडकलाय अशी चिंता तुमच्या पत्रात जाणवते. मला उलटं वाटतं. रंगाच्या कारखान्यात 'हा जरा लालसर वाटतोय' असं म्हणून भागत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचं उपकरण नमुन्यावरून परतणारा प्रकाश तरंगलांबीनुसार मोजतं. १९७६ मध्ये ठरलेल्या सीआयई-लॅब या पद्धतीत प्रत्येक छटेला तीन आकडे मिळतात. दोन छटांमधल्या अंतराला डेल्टा ई म्हणतात आणि ते ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की माल परत जातो. दुकानातलं टिंटिंग मशीन बेसच्या डब्यात कुठलं रंगद्रव्य किती थेंब सोडायचं हे ज्या सूत्रावरून ठरवतं, ते सूत्र प्रयोगशाळेत बसून कुणीतरी बांधलेलं असतं. झगझगीत पिवळा किंवा लाल मारताना दोन हातांत भिंत झाकत नाही, तीन-तीन, चार-चार हात द्यावे लागतात. कारण त्या छटांत टिटॅनियम डायऑक्साइड हे झाकणारं पांढरं रंगद्रव्य फारसं घालता येत नाही. घातलं की रंग फिका पडतो. हे सगळं रसायन आणि भौतिक आहे.

आणखी एक गंमत त्याला सांगा, म्हणजे भौतिकाचं पुस्तक तो जरा जास्त आवडीने उघडेल. दुकानातल्या दिव्याखाली पडदा आणि सोफा अगदी एका रंगाचे दिसतात. घरी आणले की एक हिरवट आणि दुसरा राखाडी. डोळ्यांचा दोष नाही आणि दुकानदाराने फसवलंही नाही. दोन्ही कापडांवरची रंगद्रव्यं वेगळी असतात. एका प्रकाशात ती डोळ्याला सारखी भासतात आणि प्रकाश बदलला की वेगळी पडतात. याला मेटामेरिझम म्हणतात. एका घरात लाकूड, कापड, प्लास्टिक, लादी आणि भिंत एकमेकांशी जुळवायची असतात, त्यामुळे ही डोकेदुखी इंटिरियरवाल्यांच्या पाचवीला पुजलेली. हे ज्याला मुळातून कळलंय तो इंटिरियर डिझायनर आणि नुसतं शेडकार्ड उलगडणारा डिझायनर यांतला फरक पहिल्याच कामात दिसतो.

एक गोष्ट मात्र फी भरण्याआधी करून घ्या. नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन त्याची रंगदृष्टी तपासा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक कमी-जास्त प्रमाणात कळत नाही. बायकांत हे प्रमाण २०० पैकी एक इतकं कमी असतं. इतर समाजांत आकडे वेगळे आहेत, पण पुरुषांमध्ये जास्त हे सगळीकडे खरं. अनेकांना ते मोठेपणीच कळतं, कारण जन्मापासून तसंच दिसत असतं. ठिपक्यांमध्ये अंक लपवलेली इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. ती पार पडली तर फार्न्सवर्थ-मन्सेल १०० ह्यू ही बारीक चाचणीही करून बघता येईल. त्यात रंगीत टोप्या, म्हणजे छोट्या गोल चकत्या, छटेच्या क्रमाने लावायच्या असतात. (नावात १०० असले तरी टोप्या ८५ असतात.) दोष निघाला तर दारं बंद झाली असं नाही. मोजमाप, प्रकाशयोजना, पोत, जागेची मांडणी यांत भरपूर काम आहे. पण छटा जुळवण्याच्या नोकरीत तो रोज अडखळेल, आणि ते आत्ता कळलेलं बरं.

चित्रकलेचं म्हणाल तर बेताची चालेल. डिझाइनच्या प्रवेशपरीक्षांना हात थोडा बसवावा लागतो, तो सरावाने बसतो. रंगाचा डोळा वेगळी गोष्ट आहे.

मिळकतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कंपनीतली रंग प्रयोगशाळा किंवा सीएमएफ विभाग म्हणजे इतर तांत्रिक आणि डिझाइनच्या नोकऱ्यांसारखीच नोकरी: सुरुवात साधी, अनुभवाने वाढ. लोकांच्या घरी जाऊन रंगांचा सल्ला देणं हे स्वतंत्र काम म्हणून ऐकायला छान वाटतं, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा यायला वर्षं लागतात. त्यामुळे निव्वळ त्यावर घर चालवणं कठीण. इंटिरियरच्या पूर्ण कामाचा भाग म्हणून ते चालतं. फोटो टाकला की पाच रंगांची जोडणी सुचवणारी सॉफ्टवेअर आता कुणाच्याही हातात आहेत, तेव्हा नुसत्या जोडण्या सुचवण्याचे पैसे यापुढे फारसे मिळणार नाहीत. तो रंग प्रत्यक्ष भिंतीवर कसा उतरला याची जबाबदारी घेणारा माणूस मात्र लागतोच.

पुढचा भाग त्याला वाचायला द्या.

कपाटाच्या दारावरचे तुकडे राहू दे, पण त्यांतला एकेक काढून सकाळी खिडकीशी धर, दुपारी खोलीच्या कोपऱ्यात, रात्री पिवळ्या दिव्याखाली आणि मग पांढऱ्या दिव्याखाली. काय दिसलं ते लिही. तोच तुकडा एकदा काळ्या कागदावर आणि एकदा केशरी कागदावर ठेव. 'क्लाउड डान्सर'सारखा पांढरा यासाठी फार चांगला, कारण पांढऱ्याइतका शेजाऱ्याचा रंग उचलणारा दुसरा रंग नाही. पोस्टर कलरच्या चार-पाच बाटल्या घे आणि एखाद्या वाळक्या पानाचा रंग हुबेहूब मिसळून दाखव. पहिल्यांदा वैताग येईल. मोबाइलवर छटा निवडण्यावर भिस्त ठेवू नकोस; पडदा स्वतः उजेड फेकतो आणि भिंत पडलेला उजेड परत करते, म्हणून दोन्हीकडे तोच रंग कधीच दिसत नाही.

फोरकास्टिंगचीच हौस असेल तर कंपन्यांच्या घोषणा व्हायच्या आत स्वतःचा अंदाज तारीख घालून लिही. रंग कुठला यापेक्षा का, हे महत्त्वाचं. गेल्या दशकात घरंच्या घरं राखाडी झाली होती, आणि आता तपकिरी, मातकट छटा परतल्या आहेत. हे कशाची प्रतिक्रिया म्हणून झालं असं तुला वाटतं? मग घोषणेशी ताडून बघत बसण्यापेक्षा दोन वर्षांनी दुकानातले पडदे, चादरी, टाइल बघ. घोषित रंग कुठे पोचला, कुठल्या वस्तूवर टिकला आणि कुठल्या वस्तूवर लोकांनी त्याला हात लावला नाही, याची वही ठेव. कॉलेजच्या मुलाखतीत ही वही तुझ्याबद्दल प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलेल.

ताई, आता शेवटचं, अभ्यासक्रमाचं. काही आठवड्यांत 'ट्रेंड फोरकास्टर' बनवणाऱ्या अभ्यासक्रमांवर पैसे घालू नका. हे काम कुठलातरी माल, कापड किंवा जागा नीट कळल्यावर येतं, त्याआधी नाही. रसायन-भौतिक आवडत असेल तर रंग आणि लेपन तंत्रज्ञान, वस्त्ररसायन किंवा पॉलिमर यांची पदवी घ्यावी, आणि पुढे रंगविज्ञानाकडे वळता येईल; अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये या विषयात पीएचडीपर्यंत शिकता येतं. वस्तू हाताळायला आवडत असतील तर उत्पादन किंवा वस्त्र डिझाइन. खोल्या, उजेड आणि माणसं कशी राहतात यात रस असेल तर इंटिरियर. कॉलेज बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: वेगवेगळ्या प्रकाशात नमुना तपासायची लाइट बूथ आहे का, मुलं हाताने रंग मिसळतात की सगळं पडद्यावरच, आणि गेल्या दोन-तीन वर्षांतली मुलं नेमकी कुठल्या हुद्द्यावर लागली. तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर पुढचं कॉलेज बघा.

रंगदृष्टीची तपासणी या महिन्यातच उरकून घ्या. मग रसायन, वस्तू की खोल्या, यांपैकी त्याचा कल कुठे आहे ते त्यालाच लिहायला सांगा आणि मला कळवा. प्रवेशपरीक्षांचं वेळापत्रक त्यानंतर आखू.