नातवाच्या पेजेत काय घालू?

प्रश्न : माझा नातू 10 महिन्यांचा आहे. गाईचं दूध दिवसातून चार-पाच वेळा पितो, वर नाचणीचं वस्त्रगाळ सत्त्व. अंगावर फक्त रात्री पितो. हल्ली फार किरकिर करतो, माती तोंडात घालतो. शेजारीण म्हणते, डोकं तल्लख व्हायला पावडरीचा डबा आणा. आणू का? घरात आम्ही खडे मीठ वापरतो.
– एक आजी, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : आजी, डबा आणू नका. त्या पैशांत अंडी आणा. पण आधी बाळाचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात मुलं दिसेल ते तोंडात घालतात हे खरं, तरी किरकिर आणि एवढं दूध वाचून मला लोह कमी पडल्याची शंका येते.

माझ्या मुलीच्या बाबतीत आम्हीही हेच केलं. मी बेळगावात दवाखान्यात आणि घरी माझी आई. बाटलीभर दूध प्यायली की आम्हाला वाटे, पोट भरलं. सव्वा वर्षाची असताना एकदा तिची खालची पापणी ओढून बघितली, तर आतली कड भाताच्या पेजेसारखी पांढुरकी, म्हणजे रक्त कमी. तो रंग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो 6 महिन्यांच्या सुमाराला सरत येतो. आणि मेंदू तर तेव्हाच झपाट्यानं वाढत असतो. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढायला, पेशींनी एकमेकींना निरोप धाडायला लोह लागतं. कोस्टारिकात बाळपणी लोह फार कमी झालेल्या मुलांना 5 व्या वर्षी तपासलं. रक्त भरून आलं होतं, तरी बुद्धीच्या चाचण्यांत ती मागेच होती. 1991 चा हा अभ्यास वाचल्यापासून 'मोठा झाला की होईल बरोबर' हे मला ऐकवत नाही.

गाईच्या दुधात लोह नाममात्र, आणि पोट मात्र त्यानंच भरतं. वर्षाचा होईपर्यंत ते प्यायला देऊ नका, सुनेला दिवसाही अंगावर पाजू दे. नाचणी सोडू नका, फक्त फडक्यातून गाळू नका. कोंड्याबरोबर खनिजंही जातात. मोड आणून, वाळवून, दळून घ्या. मोड आणल्यानं लोह अडवणारं फायटेट कमी होतं. पेज निवली की लिंबाचे चार थेंब पिळा. मऊ शिजवलेली मसूर, अंडं, घरात चालत असेल तर बारीक केलेलं मटण रोज थोडं थोडं द्या. चहा एक चमचाही नको.

आता मीठ. वर्षापर्यंत बाळाच्या जेवणात मीठ घालायचंच नाही, त्याला आयोडीन मिळतं ते आईच्या दुधातून. म्हणजे सुनेच्या आमटीत कुठलं मीठ पडतं हे महत्त्वाचं. खडे मिठात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीनचं मीठ आणा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. तुमच्याकडच्या पावसात उघड्या मिठाला पाणी सुटतं, त्याबरोबर आयोडीनही जातं. पाकिटावरचं कन्नड वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारून घ्या.

आशाताईंकडे लोहाचं औषध मिळतं : 1 मि.ली., आठवड्यातून 2 वेळा. हिमोग्लोबिन 11 च्या खाली आलं तर तेवढं पुरत नाही, डॉक्टर रोजचा डोस ठरवतील. औषधानं शी काळी होते, घाबरून बंद करू नका.