पाळीच्या पायथ्याची ओल आणि खालची वाडी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गावच्या पाझर तलावाची मातीची पाळ 10 मीटर उंच, 220 मीटर लांब, साठा 3 लाख घनमीटर. पायथ्याशी दोन वर्षांपासून ओल दिसते, ओढ्याकाठी चाळीस घरांची वाडी आहे, आणि साहेब म्हणतात, "पाझर तलाव आहे, पाझरणारच." मग धोका आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

लघु पाटबंधाऱ्याच्या कामांवर माझी बत्तीस वर्षं गेली, त्या भरवशावर सांगतो. साहेबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाणी तलावाच्या तळातून जिरून खालच्या विहिरींना लागावं म्हणूनच हा तलाव बांधतात. पाळीच्या पोटातून माती घेऊन बाहेर पडणारं पाणी ही वेगळी गोष्ट.

पण ओलीकडे नंतर येऊ. आधी वाडी. तलावाची जोखमीची श्रेणी ठरवताना पाळ किती चांगली आहे हे पाहत नाहीत. ती फुटलीच तर खाली कोण आहे हे पाहतात. उद्या पाळीची दुरुस्ती झाली तरी चाळीस घरं तिथेच आहेत, म्हणून तुमचा तलाव जास्त जोखमीच्या श्रेणीतच राहणार. फ्रोलिश यांच्या प्रचलित सूत्रात 3 लाख घनमीटर साठा आणि 8 मीटर पाणी घातलं, तर पाळ फुटताना सेकंदाला तीनशेहून जास्त घनमीटर लोंढा येतो. खाली सांडव्याच्या हिशोबात मी जो मोठा पूर धरलाय, त्याच्या हे जवळपास दहापट. अंदाजच आहे, पण वाडीतल्या कुठल्या घरापर्यंत पाणी येईल याचा विचार करायला पुरेसा.

गंमत म्हणजे 2021च्या धरण सुरक्षितता कायद्यात तुमचा तलाव बसत नाही. त्यात 15 मीटरहून उंच धरणं येतात. 10 ते 15 मीटरमधली यायची तर लांबी 500 मीटर, साठा 10 लाख घनमीटर किंवा तशी एखादी अट पुरी व्हावी लागते. बसला असता तर पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची झाली असती. आता ती मागून घ्यावी लागेल, लेखी.

आता सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. मातीच्या पाळीवरून पाणी वाहायला लागलं की काही तासांत खेळ संपतो, म्हणून ओलीच्या आधी मी सांडवा मोजतो. समजा पाणलोट 200 हेक्टर आहे आणि तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला 60 टक्के वाहून आला तर सेकंदाला 33 घनमीटर पाणी येतं. सांडवा 15 मीटर रुंद असेल तर ते जायला साधारण 1.2 मीटर जाडीचा प्रवाह लागतो. आता कोणी "पाणी वाढेल" म्हणून सांडव्यावर अर्धा मीटर वाळूची पोती रचली, तर उरलेल्या 0.7 मीटरमधून जेमतेम 15 घनमीटर जातं. अर्धा मीटर पोती आणि सांडव्याची ताकद निम्म्याहून कमी! मासेमारीचा ठेकेदार सांडव्यावर बारीक जाळी लावतो, तिच्यात काटक्या-पालापाचोळा अडकला की हाच प्रकार होतो. एका तलावावर मी भर पावसात, रात्री, जाळी कोयत्याने तोडलेली आहे. ठेकेदार अजून माझ्याशी बोलत नाही.

सांडव्याच्या माथ्यापासून पाळीच्या माथ्यापर्यंतचं अंतर पाण्याच्या नळीने मोजा, आणि पाळीवर चार-पाच ठिकाणी मोजा. जुनी पाळ बसते, मधोमध जास्त. नकाशातले 2 मीटर प्रत्यक्षात दीडच निघतात, आणि पाणी पहिल्यांदा तिथूनच चढतं.

ओलीबद्दल: ती विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या दाराच्या, नळाजवळ आहे का, हे आधी बघा. भरावातून नळ जातो तिथे माती नीट दाबता येत नाही, म्हणून पाणी नळाच्या कडेने वाट काढतं. तशी असेल तर आजच अर्ज करा. दुसरीकडे असेल तर चर काढून पाणी एका जागी आणा, 15 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते आठवड्यातून एकदा लिहा, शेजारी तलावाची पातळी लिहा. पातळी वाढली की झिरपा वाढणार, ते चालतं. पातळी तीच, पाऊस नाही, आणि बादली लवकर भरते, हे चालत नाही. काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर दिसला तर पाळ आतून पोखरली जाते आहे.

तसं झालं तर लोक त्या जागी काळी माती टाकून तोंड बुजवतात. ही चूक करू नका. आत कोंडलेलं पाणी शेजारून फुटतं. आधी जाड वाळू, वर खडी, वर दगड, असा गाळणीसारखा थर द्या: पाणी जाऊ दे, माती अडू दे. विमोचक उघडून पातळी हळूहळू उतरवा. भसकन उतरवली तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. जेसीबीने पाळ फोडून पाणी सोडायचा सल्ला देणारा एक जण प्रत्येक गावात असतो, त्याला लांब ठेवा. आणि गाळ काढणाऱ्यांना पाळीच्या पायथ्याशी खोदू देऊ नका.

खेकड्यांचा विषय निघेलच. 2 जुलै 2019च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची वाडी वाहून गेली. खेकड्यांमुळे फुटलं, असं मंत्र्यांनी सांगितलं तेव्हा राज्यभर हसं झालं. खेकडे आणि घुशी बिळं करतात, त्याने पाण्याची वाट आखूड होते, हे खोटं नाही. पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, आणि त्या काही खेकड्यांकडे केल्या नव्हत्या.

म्हणून तुमचा अर्ज नुसता "गळती आहे" असा नको. तारीखवार बादलीचे आकडे, पातळी, फोटो आणि वाडीतल्या घरांची संख्या जोडा. एक प्रत जिल्हा परिषदेला किंवा ज्यांच्या ताब्यात तलाव आहे त्या विभागाला, एक तहसीलदारांना, पोच घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 वाडीतल्या प्रत्येक फोनमध्ये असू द्या. रात्री पाळीवर कोण जाणार, भोंगा कोण वाजवणार आणि म्हातारीकोतारी कुठल्या वाटेने टेकाडावर चढणार, हे या आठवड्यातच ठरवा. पहिल्या चार आठवड्यांचे आकडे इथे टाका, मी बघतो.