त्या दिवशी बोगद्यात टक्कर ठरलेलीच नव्हती

प्रश्न : 2008 साली मी सातवीत होते. जिनिव्हाचं मशीन चालू झालं की ब्लॅक होल तयार होऊन पृथ्वी गिळणार असं टीव्हीवर सारखं चालू होतं. आजीने त्या दिवशी शाळेत पाठवलं नाही, देवाजवळ दिवा लावून आम्हा भावंडांना शेजारी बसवून ठेवलं. आजी रोज पेपर वाचणारी बाई, मग तिला हे खरं कसं वाटलं? – एक वाचक, कराड

उत्तर : आजींना अजिबात दोष देऊ नका. 10 सप्टेंबर 2008ला सर्न या जिनिव्हाजवळच्या संशोधन संस्थेच्या त्या 27 किलोमीटरच्या गोल बोगद्यात, म्हणजे प्रोटॉन एकमेकांवर आपटवणाऱ्या एलएचसी या मशीनमध्ये, प्रोटॉनचा झोत पहिल्यांदा पूर्ण फेरी मारून आला, बस एवढंच झालं. टक्कर त्या दिवशी ठरलेलीच नव्हती! पुढे नऊ दिवसांत बिघाड होऊन मशीन थंड ठेवणारा हेलियम गळला, मशीन बंद पडलं आणि पहिली टक्कर व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडला. म्हणजे चॅनेलवाले ज्या मिनिटासाठी उलटं घड्याळ चालवत होते तेव्हा दोन प्रोटॉनसुद्धा एकमेकांवर आपटणार नव्हते. आणि आपटले असते तरी काय, अंतराळातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांच्या त्याहून जोरदार टकरा आपल्या डोक्यावरच्या हवेत कोट्यवधी वर्षं होतायत.

ते कार्यक्रम मला अजून आठवतात. लाल पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, तुकडे होणारी पृथ्वी परत परत, घोगरा आवाज आणि वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह. ‘जग संपणार?’ असं विचारलं की आम्ही फक्त प्रश्न विचारला म्हणायला मोकळे, पण स्वयंपाकघरात काम करता करता ऐकणाऱ्या बाईला प्रश्नचिन्ह कुठून दिसणार, तिच्या कानावर नुसतं ‘संपणार’ पडतं आणि ते दिवसभर पडत राहतं. शिवाय याच टीव्हीने तीनच वर्षं आधी 26 जुलैचा पूर दाखवला होता आणि तो शंभर टक्के खरा होता, लोकांनी बघून आपापली माणसं शोधली होती. तो विश्वास इथे खर्च केला, याचा मला आजही राग येतो.

मुंबईतल्या टीआयएफआरचे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्याच प्रयोगात होते, त्यांना अर्धा तास निवांत बोलू दिलं असतं तर किती घरांतली भीती गेली असती.

आजी असतील तर त्यांना एक नक्की सांगा, त्या बोगद्यात 35-35 टनांची चुंबकं आहेत आणि ती ज्या हजारो जॅकवर टेकवलीत ते जॅक आपल्या भारतात बनलेत.